टॉर्च आणि भोंगा असलेली आधारकाठी: मूठ उत्तम, तळ कमकुवत

वृद्धांच्या साध्या ॲल्युमिनियमच्या काठीला अलीकडे मुठीत टॉर्च, मागे लाल दिवा आणि संकटाच्या वेळी वाजणारा भोंगा अशा सोयी जोडलेल्या मिळतात, आणि अशी काठी जवळ असली की घरातले माणूस सुरक्षित राहील, असे तिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते. मी ही काठी माझ्या वडिलांसाठी घेतली आणि पावसाळ्याच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत ती त्यांच्या रोजच्या वापरात होती. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण हाच साचा, हीच मूठ आणि हाच भोंगा असलेली काठी वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन आणि सर्जिकल साहित्याच्या दुकानांत विकली जाते, आणि खोक्यावरचे नाव बदलल्याने तिचे गुणदोष बदलत नाहीत.

वडील ७९ वर्षांचे आहेत आणि आईबरोबर कोथरूडला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या उजव्या गुडघ्याची झीज झालेली असल्यामुळे काठी डाव्या हातात धरायची, असे फिजिओथेरपिस्टने त्यांना बजावून सांगितले आहे. हे अनेकांना उलटे वाटते, पण चालताना विरुद्ध बाजूचे हात आणि पाय एकत्र पुढे जातात, त्यामुळे दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी दुसऱ्या हातातली काठी टेकलेली असते आणि तो भार वाटला जातो. या माहितीचा काठीच्या बटणांशी थेट संबंध आहे, म्हणून ती आधी सांगितली.

प्रथम काठी म्हणून ती कशी आहे ते पाहू. नळी दोन भागांची आहे आणि खटका दाबून तिची उंची साधारण ७५ ते ९५ सेंटिमीटरच्या दरम्यान कमीजास्त करता येते. भोके सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावर असल्यामुळे बहुतेकांना जवळपास नेमकी उंची मिळते. सोबतच्या कागदावर व्यक्तीच्या एकूण उंचीवरून काठीची उंची ठरवण्याचा तक्ता दिला आहे. त्यावर विसंबू नये. रोजच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगटावर जिथे घडी पडते तिथपर्यंत मुठीचा वरचा भाग येईल अशी काठी लावावी. तसे केले की काठी टेकताना कोपर किंचित वाकलेले राहते. त्याहून उंच काठीने खांदा वर उचलला जातो आणि बुटक्या काठीने माणूस पुढे झुकतो. दोन्हींत तोल बिघडतो, आणि तोल बिघडला की भोंग्याची वेळ येते. नळीच्या सांध्यावर प्लास्टिकची आवळण्याची कडी आहे. ती नीट आवळली नाही तर प्रत्येक पावलाला खुटखुट ऐकू येते, म्हणून दर आठवड्याला ती तपासून घट्ट करणे चांगले.

मूठ मात्र मनापासून आवडण्यासारखी आहे. ती वाकड्या छत्रीच्या दांड्यासारखी गोल नसून वरून पसरट आणि तळहाताला टेकेल अशी आहे, तिच्यावर मऊ रबराचा थर आहे आणि घामट हातातूनही ती निसटत नाही. हाताची पकड कमी झालेल्या माणसाला गोल दांड्यापेक्षा पसरट मूठ नेहमीच सोयीची पडते, कारण भार बोटांवर न येता तळहातावर येतो.

टॉर्चला मी पूर्ण गुण देईन. तिचे तोंड वरखाली फिरवता येते, त्यामुळे प्रकाश दूर न फेकता पुढच्या दोन-तीन पावलांवर पाडता येतो, आणि चालणाऱ्याला खरी गरज तेवढ्याच टप्प्यातल्या प्रकाशाची असते. पावसाळ्यात संध्याकाळी दूध आणायला निघालेल्या वडिलांना उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटाराचे अर्धवट सरकलेले झाकण आणि पाण्याने भरलेला खड्डा यांतला फरक या प्रकाशात स्पष्ट दिसतो. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात वेगळी टॉर्च घेतली तर पिशवीला किंवा कठड्याला हात उरत नाही. काठीतच टॉर्च असल्याने तो मोकळा राहतो. वीज गेल्यावर आमच्या सोसायटीचा जिना पूर्ण अंधारात बुडतो, तेव्हा या सोयीची किंमत लक्षात येते. मागच्या लाल दिव्याचा उपयोग मला सुरुवातीला फारसा जाणवला नव्हता, पण फुटपाथवरून दुचाकी हाकणारे मागून येताना तो दिवा पाहून बाजूला होतात, हे मी वडिलांच्या मागे चालताना स्वतः पाहिले आहे. दिसणे आणि इतरांना आपण दिसणे, या दोन्ही गोष्टी पडल्यावर मदत मागण्यापेक्षा कितीतरी मोलाच्या आहेत, कारण त्या पडण्याची वेळच टाळतात.

आता भोंगा. खोक्यावर १२० डेसिबल असा आकडा छापलेला आहे, परंतु हा आवाज किती अंतरावर मोजला ते कुठेही लिहिलेले नाही, आणि अंतराशिवाय असा आकडा निरर्थक असतो. मोकळ्या जागेत अंतर दहापट झाले की आवाज २० डेसिबलने कमी होतो. म्हणजे भोंग्याला जवळजवळ चिकटून, १० सेंटिमीटरवर, १२० डेसिबल भरत असतील, तर एक मीटरवर १०० आणि दहा मीटरवर ८० उरतात. रहदारीच्या रस्त्यावर मुळातच ७० ते ८० डेसिबलचा गोंगाट असतो, आणि मध्ये भिंत किंवा बंद दार आले की आवाज आणखी बराच घटतो. प्रत्यक्षातही तसेच आढळले. वाहनतळावर वाजवलेला भोंगा पहाटे तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला, पण संध्याकाळी सात वाजता रस्त्यावरच्या हॉर्नच्या आवाजात तो विरून गेला. बाथरूमचे दार लावून वाजवला तर दिवाणखान्यात तो ऐकू येतो, मात्र दूरदर्शन संच सुरू असताना लक्ष देऊन ऐकावा लागतो.

यात आणखी एक गोष्ट आहे जिचा विचार या काठ्या बनवणारे करत नाहीत असे दिसते. अशा छोट्या भोंग्यांचा आवाज चिरका, म्हणजे वरच्या पट्टीतला असतो, आणि वयाबरोबर ऐकू येणे कमी होते ते आधी याच वरच्या पट्टीतल्या आवाजांचे. ज्या घरात पडणारे ७९ वर्षांचे आणि ऐकणारे ७५ वर्षांचे असते, त्या घरात चिरका भोंगा हा सर्वांत गैरसोयीचा आवाज होय. आमच्या आईला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ऐकू येते, पण काठीचा भोंगा आतल्या खोलीत वाजला तर तो शेजारच्या घरातला काहीतरी आवाज असावा असे तिला वाटते. भोंग्याचा सूर खालच्या पट्टीत आणला असता किंवा दोन पट्ट्यांत आलटून पालटून वाजवला असता तर या एका बदलाने काठी पुष्कळ उपयोगी झाली असती.

बटणाची जागाही उजव्या हाताने काठी धरणाऱ्याचा विचार करून ठरवलेली आहे. उजव्या हातात मूठ धरली की अंगठा डाव्या बाजूला येतो आणि भोंग्याचे लाल बटण बरोबर त्याच्याखाली असते. तीच काठी डाव्या हातात घेतली की त्याच बटणावर चार बोटे येऊन बसतात. ज्यांचा उजवा पाय दुखतो त्या सर्वांना काठी डाव्या हातात धरायची असते, तेव्हा हा काही तुरळक प्रसंग नव्हे. बटणाला खोलगट जागा दिलेली नाही आणि ते हलक्या दाबानेही चालू होते. परिणामी देवळाच्या पायऱ्या चढताना, बँकेत रांगेत उभे असताना भोंगा अचानक वाजू लागतो, सगळे वळून पाहतात आणि वडील ओशाळे होतात. असे होऊ लागले की माणूस हळूच मागची सरकपट्टी ओढून भोंगा बंद करून टाकतो, आणि एकदा बंद केलेला भोंगा गरजेच्या वेळी बंदच असतो. विकत घेण्यापूर्वी काठी ज्या हातात धरायची आहे त्याच हातात धरून, पूर्ण भार देऊन चालून पाहावे, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

परंतु या सर्वांहून मोठा दोष मांडणीतच आहे: मदत मागण्याचे साधन त्या वस्तूत बसवले आहे जी पडताना सर्वांत आधी हातातून सुटते. तोल गेला की माणूस काठी सोडून भिंतीचा, दाराचा, टेबलाचा आधार शोधतो. हा शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद आहे. गुळगुळीत फरशीवर काठी सहज चार-पाच फूट घसरत जाते, आणि मांडीचे हाड दुखावलेल्या माणसाला तेवढे अंतरही सरकणे अशक्य होते. मुठीला मनगटात अडकवायची दोरी आहे. जिन्यात कठडा धरताना ती उपयोगी पडते, पण ती सतत मनगटात ठेवली तर पडताना हीच काठी हाताखाली किंवा पायात येण्याची भीती असते, त्यामुळे तो उपाय मी सुचवणार नाही. काठी आडवी होताच आपोआप भोंगा वाजेल अशी सोयही या साच्याच्या महागड्या प्रकारात आहे. तिची अडचण अशी की काठी खुर्चीला टेकवून ठेवली, बाकावर आडवी ठेवली किंवा रिक्षात चढताना तिरकी केली तरी भोंगा सुरू होतो. आडव्या झालेल्या काठीला तिच्याबरोबर माणूसही पडला आहे की नाही हे कळत नाही.

म्हणून घरातल्या मदतीसाठी आम्ही वेगळी व्यवस्था केली. दाराला लावतात त्या बिनतारी बेलचे छोटे बटण गोफात ओवून वडिलांच्या गळ्यात दिले आणि बेलचा एक डबा आमच्या स्वयंपाकघरात व दुसरा समोरच्या काकूंच्या घरात लावला. त्या काकूंनी ते आनंदाने मान्य केले. बेलचा सूर खालच्या पट्टीतला निवडता येतो आणि आईला तो ऐकू येतो. बटण गळ्यात असल्यामुळे बाथरूममध्येही ते अंगावर राहते. फक्त ते पाण्यापासून सुरक्षित असलेले पाहून घ्यावे लागते. घराबाहेरसाठी फोन आहेच. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये आपत्कालीन बटणाची सोय सरकारने बंधनकारक केली आहे, आणि पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांच्यासाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरूनही ही सोय वापरता येते. आपल्या फोनमध्ये ती कशी चालते हे वडीलधाऱ्यांना एकदा शांतपणे दाखवून द्यावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक वेगळा आहे. तो माहिती, सल्ला आणि आधारासाठी आहे, अपघाताच्या वेळी त्यावर अवलंबून राहू नये.

घराबाहेर भोंग्याचा उपयोग शून्य आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. भटकी कुत्री अंगावर आली तेव्हा वडिलांनी तो वाजवला आणि आजूबाजूचे दोघे-तिघे धावून आले. सोनसाखळी चोरांपासून संरक्षण म्हणून ही काठी बायकांना विकली जाते, त्याबद्दल एवढेच सांगता येईल की दुचाकीवरून हिसका मारणारा माणूस बटण सापडेपर्यंत पुढच्या चौकात पोहोचलेला असतो. भोंग्याचा फायदा त्यानंतरचा आहे: घाबरलेल्या, कदाचित पडलेल्या बाईभोवती माणसे लवकर जमतात. ते कामही महत्त्वाचे आहे, पण एखादी चांगली शिट्टी गळ्यात असली तर तेवढेच काम अगदी कमी खर्चात आणि सेलाशिवाय होते.

आता तळाकडे वळतो, कारण या काठीतली सर्वांत चिंतेची बाब तिथे आहे. काठी स्वतःच्या आधाराने उभी राहावी म्हणून तिला रुंद, चहूकडे कलणारा रबरी तळ दिला आहे. दुकानात तो आकर्षक वाटतो. काही आठवड्यांच्या वापरानंतर त्याच्या आतला सांधा सैल झाला आणि रबराची एक कड चंद्रकोरीसारखी झिजून गुळगुळीत झाली, कारण माणूस काठी नेहमी एकाच कोनात टेकवतो. ओल्या ग्लेझ्ड टाइलवर ही गुळगुळीत कड घसरते. साध्या काठीचे रबरी बूच झिजले तर कुठल्याही सर्जिकल दुकानात नळीच्या जाडीचे नवे बूच किरकोळ किमतीत मिळते आणि जागेवरच बसवून मिळते. या काठीचा तळ मात्र तिच्या स्वतःच्या मापाचा असल्यामुळे बाजारात तो मिळत नाही. मी विक्रेत्याकडे सुटा तळ मागितला, तेव्हा पूर्ण काठीच नवीन घ्यावी लागेल असे उत्तर आले. सुरक्षेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूचा जमिनीला टेकणारा भागच बदलता येऊ नये, हे मला अक्षम्य वाटते. अखेर एका दुकानदाराने तो तळ काढून, नळीवर साधे, आतून धातूची चकती असलेले बूच बसवून दिले. आता काठी आपली आपण उभी राहत नाही, पण ती घसरत नाही. चार पायांच्या काठीचा पर्यायही त्याने दाखवला होता. ती अधिक स्थिर असते, परंतु चारही पाय एकदम टेकले तरच, आणि जुन्या इमारतींच्या अरुंद पायऱ्यांवर तिचा पाया मावत नाही.

याहून महाग अशी, सिमकार्ड घालून चालणारी काठी डोंबिवलीच्या मावशीकडे आहे. बटण दाबले की तीन ठरलेल्या क्रमांकांवर फोन लागतो आणि ती कुठे आहे त्याचा दुवा संदेशाने जातो. कल्पना उत्तम आहे आणि स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या, घराबाहेर पडून वाट चुकणाऱ्या माणसासाठी मी तिची शिफारस करेन. फक्त दोन गोष्टी आधी पाहाव्यात. अशा स्वस्त यंत्रांत बऱ्याचदा टूजी जाळ्यावर चालणारा भाग असतो आणि जिओचे जाळे टूजीवर चालत नाही, तेव्हा सिम कोणते घालायचे हे त्यावरून ठरते. दुसरे म्हणजे ती मोबाइलप्रमाणे नियमित चार्ज करावी लागते. ती जबाबदारी वृद्धावर न टाकता घरातल्या एकाने स्वतःकडे घ्यावी. सिमेंटच्या इमारतीच्या आत उपग्रहाचे संकेत नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे दुव्यातली जागा कधी शेजारच्या गल्लीतली दाखवली जाते, हेही लक्षात ठेवावे.

विजेचा झटका देणाऱ्या काठ्याही ऑनलाइन दिसतात. त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. झटका देण्यासाठी काठी जमिनीवरून उचलावी लागते, म्हणजे ज्या क्षणी पाय लटपटत असतात त्याच क्षणी आधार सोडावा लागतो. शिवाय समोरच्या धडधाकट माणसाने ती हिसकावून घेतली तर तेच शस्त्र आपल्यावर उलटते. काठीत पाते लपवण्याची गुप्ती आपल्याकडे पूर्वीपासून परिचित आहे, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवारींबरोबर गुप्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा जुन्या बाजारात कुणी शोभेची म्हणून ती दिली तरी घेऊन फिरू नये. आणखी एक घोटाळा दुकानांत होताना दिसतो: दृष्टिहीनांसाठी आयआयटी दिल्लीत विकसित झालेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन हे पूर्णपणे वेगळे साधन आहे. ते पांढऱ्या काठीवर बसवतात, ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरच्या उंचीचे अडथळे सुमारे तीन मीटरपर्यंत ओळखते आणि मुठीत कंप देऊन सांगते. ती काठी भार टाकून चालण्यासाठी नाही. गुडघेदुखीच्या माणसाने ती मागण्यात अर्थ नाही.

आमची काठी दीड हजार रुपयांना पडली. साधी काठी याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. वरचे पैसे टॉर्चसाठी दिले असे समजले तर व्यवहार ठीक आहे, भोंग्यासाठी दिले असे समजले तर महाग आहे. काठीला पेन्सिल सेल लागतात आणि ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, ही मोठी सोय आहे. मात्र सेलाच्या कप्प्याला बारीक स्क्रू आहे आणि तो थरथरत्या हातांनी उघडणे शक्य नाही. ज्यांचे उत्पन्न मर्यादित आहे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात जरूर करावी. ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशी साधने घेण्यासाठी तीन हजार रुपये एकरकमी थेट बँक खात्यात देण्याची ती योजना आहे. त्या रकमेत चांगली साधी काठी, दोन जादा बुचे, काठीला पट्ट्याने बांधता येईल अशी छोटी टॉर्च आणि गळ्यातल्या बटणाची बिनतारी बेल एवढे सगळे बसते, आणि बूच झिजले की पुढच्याच दिवशी बदलता येते.